आधी रोजे, मग उंबरठा

कसममिस्त्रीचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर वार्निशचे इतके डाग पडले होते की ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. खाली ‘जळालेल्या मोटरी भरून मिळतील’ एवढं दिसायचं आणि गिऱ्हाइकाला तेवढं पुरायचं. कसममिस्त्री हे नाव लोकांनी ठेवलेलं, कारण शपथ घातल्याशिवाय या माणसाचं वाक्य पुरं होत नसे. मोटर उद्या मिळेल, अल्लाची शपथ. तार अस्सल तांब्याची आहे, अल्लाची शपथ. आज चहात साखर जास्त पडली, अल्लाची शपथ. मोटर काही उद्या मिळायची नाही, पण शपथ मात्र रोज ताजी मिळायची. समोरचा पंक्चरवाला म्हणायचा, मिस्त्री शिंकायच्या आधीसुद्धा शपथ घेतो, म्हणजे शिंक खोटी आहे असं कोणाला वाटू नये.

काम मात्र चोख. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार छिन्नीने तोडून उपसायची, खाचांमध्ये नवा कागद बसवायचा, नवी कॉइल वळून एकेक पदर दाबत भरायची, वार्निश पाजून वाळवायची. हे सगळं तो न बोलता करायचा. बोलायचा तो फक्त तपासणीच्या वेळी. ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्याने त्याला पहिल्याच दिवशी कानफटात देऊन एक गोष्ट शिकवली होती: आधी मेन बंद, मग हात. ती थप्पड त्याच्या हाडात मुरली होती. साधा दिवा बदलायचा असला तरी तो आधी मेन स्विचपर्यंत जाऊन यायचा. घरातली माणसं अंधारात खोळंबायची आणि बायको अंधारातूनच विचारायची, “झाली का तुमची जियारत, घेतलं का स्विचचं दर्शन?”

मशिदीची पाण्याची मोटरही त्याच्याकडेच यायची. पेश-इमाम स्वतः ती हातगाडीवर घालून आणायचे, स्टुलावर बसायचे आणि मिस्त्रीच्या शपथा ऐकायचे. एकदा त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, मिस्त्री, तुम्ही शपथा अशा वापरता जसा स्वयंपाकी मीठ. मग त्यांनी समजावून सांगितलं. बोलण्याच्या ओघात, सवयीने तोंडातून निघते त्या शपथेला पकड नाही, तिचा जाब विचारला जात नाही. पण पकड नाही म्हणून ती दिवसभर चघळत बसणंही शोभत नाही. झालेल्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटी शपथ घेणं हा मोठा गुनाह, माणसाला बुडवणारा. आणि पुढे अमुक करीन किंवा अमुक करणार नाही अशी मनापासून घेतलेली शपथ, ती माणसाला बांधते. ती मोडली तर कफ्फारा द्यावा लागतो, म्हणजे तिची भरपाई करावी लागते.

मिस्त्रीने सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाला, “समजलं मौलाना. आता नाही घेणार, अल्लाची शपथ.”

पंक्चरवाला इतका हसला की त्याच्या हातातली ट्यूब सुटली. इमामही हसले. मिस्त्री हसला नाही. तो खाली मान घालून कॉइल वळत राहिला, कारण तिसऱ्या जातीची एक शपथ त्याच्याकडे होती आणि ती त्याने बरीच वर्षं सांभाळली होती.

ती आपाची गोष्ट. आपा म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मिस्त्री इतका लहान होता की आईचा चेहरा म्हणून त्याला आपाचाच आठवायचा. आपाचं लग्न झालं तेव्हा ती पेटी, भांडी आणि भाऊ घेऊन सासरी गेली. तो त्याच घरात वाढला, तिच्या नवऱ्यानेच त्याला उस्तादाच्या हाताखाली लावलं. पुढे त्याने स्वतःचं दुकान टाकलं, लग्न केलं, वेगळं घर केलं. तरी दिवसातून एकदा आपाच्या घरी चक्कर ठरलेली.

आपाच्या छतावरच्या टाकीला पाणी चढवणारी मोटर त्यानेच भरून दिली होती, अर्थातच फुकट. ती आठवड्याच्या आत जळाली. जळाली तीही नेमकी त्या दिवशी, जेव्हा भाच्याचं लग्न ठरवायला पाहुणे आले होते. नळ कोरडे, पाहुणे हात धुवायला उभे. मेहुण्यांना थट्टेची सवय होती. ते पाहुण्यांना म्हणाले, “आमच्या मेव्हण्याने भरलेली मोटर आहे. मोटर त्याने भरली, टाकी आम्ही बादलीने भरतो.”

पाहुणे हसले. ते चालून गेलं असतं, मेहुण्यांचं बोलणं त्याला नवं नव्हतं. पण ओढणी तोंडावर धरून आपा हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मिस्त्री उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “परत या घराचा उंबरठा ओलांडला तर मी कलमा वाचणारा नाही. मुसलमान नाही.”

एवढ्या-तेवढ्यावरून माणूस जेवायला नाही म्हणतो, फार तर महिनाभर अबोला धरतो. याने एका मोटरीपायी ईमान पणाला लावलं. मेहुणे हळूच म्हणाले, असं बोलू नये, तौबा कर. तो चप्पल घालून बाहेर पडला. टाकीखालचा कॉक कोणीतरी बंद ठेवल्यामुळे मोटर जळाली होती. दुसऱ्या दिवशी अंगणात बसून, उंबरठ्याला न शिवता, त्याने ती उघडली तेव्हा हे कळलं. ती त्याने पुन्हा भरून दिली. शपथ मात्र परत घेता येईना.

पुढचं सगळं त्या घराच्या पायरीवर घडलं. शपथ उंबरठ्याची होती, पायरीची नव्हती. त्यामुळे मिस्त्री बाहेर पायरीवर बसायचा, आपा आत उंबरठ्याला टेकून जमिनीवर बसायची आणि मध्ये वीतभर लाकूड. चहा त्या लाकडावरून बाहेर यायचा, रिकामा कप त्याच वाटेने आत जायचा. सुरुवातीला शेजारीपाजारी बघायचे, मग त्यांची नजर सरावली. भाच्याच्या पोरांना तर कितीतरी दिवस वाटायचं की आजीचा भाऊ हा दाराबाहेरच राहतो. आपा त्याला टोमणे मारायची. पाऊस आडवा येऊन तो भिजायला लागला की म्हणायची, “आत ये म्हणत नाही बाबा. तुझं ईमान माझ्या दारात सांडायला नको.”

मेहुणे वारले तेव्हाही तो बाहेरच बसला. पुरुष बाहेरच बसलेले असतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. आपाच्या आलं. काही दिवसांनी ती एकदाच म्हणाली, मौलानांना विचारून तर बघ, काहीतरी वाट असेल. मिस्त्री म्हणाला, विचारतो, अल्लाची शपथ.

त्याने विचारलं नाही. त्याला खरोखर भीती वाटायची की उंबरठा ओलांडताक्षणी आपण दीनातून, धर्मातूनच बाहेर पडू, आजवरच्या नमाजा पाण्यात जातील, निकाह तुटेल. बायकोला त्याने एकदा हे बोलून दाखवलं तेव्हा ती भांडं घासताना थांबून म्हणाली, “म्हणजे मी मोकळी? मग जाच तुम्ही एकदा.” पण याहून मोठी भीती त्याने तिलाही सांगितली नाही. इमाम म्हणाले की वाट आहे, तर त्या वाटेने जावं लागलं असतं. सगळ्यांदेखत, मान खाली घालून, हसणारीच्या घरात, आपल्या पायांनी. शपथेच्या आडोशाला त्याचा रुसवा फार आरामात राहत होता. तो रुसवा देवाच्या नावाने होता, त्यामुळे त्याला कोणी रुसवा म्हणत नव्हतं.

मग आपा न्हाणीत पडली.

कमरेचं हाड मोडलं. त्या वयात ते जुळण्यासारखं नव्हतं. डॉक्टरने सांगितलं, हलवायचं नाही, बसवायचं नाही, पाठीला जखमा होऊ देऊ नका. पलंग मागच्या खोलीत होता. पुढच्या दारातून आत पाहिलं तर चिंचोळा बोळ दिसायचा, बोळाच्या टोकाला भिंत आणि भिंतीपाशी वळण. वळणापलीकडे आपा. मिस्त्री रोज यायचा, पायरीवर बसायचा आणि आत बघायचा. त्याला बोळ आणि भिंत दिसायची. सुरुवातीला तिचा आवाज यायचा. ती आतून ओरडून विचारायची, जेवलास का? हा बाहेरून ओरडून सांगायचा, जेवलो. सगळ्या गल्लीला त्याच्या जेवणाची खबर असायची. मग आवाज बारीक होत गेला. निरोप भाच्याच्या बायकोच्या तोंडून येऊ लागले. मग छातीत कफ भरला आणि निरोपही कमी झाले.

एक दिवस भाचा बाहेर आला. हा औषधांच्या दुकानात कामाला होता आणि आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचून त्याला पुढचं सगळं दिसत होतं. तो पायरीवर मामाशेजारी बसला नाही, उभाच राहिला.

“मामू, आई म्हणते, आत ये.”

एवढ्या वर्षांत आपाने हे शब्द कधी उच्चारले नव्हते. मिस्त्रीने विचारलं, तिला काही आणून हवंय का?

“आणायला आम्ही आहोत. ती तुम्हाला बोलावते आहे. काहीतरी सांगायचंय म्हणते. मी म्हटलं मला सांग, तर नाही म्हणते. त्यालाच सांगायचंय.”

मिस्त्री उठला. आत नाही गेला, मशिदीकडे गेला. भाचा त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

इमाम वजूच्या, हातपाय धुवायच्या जागेपाशी नळाची तोटी घट्ट करत होते. मिस्त्रीने सवयीने तोटी त्यांच्या हातातून घेतली आणि फिरवता फिरवता म्हणाला, एक मसला, धर्मातला एक प्रश्न विचारायचा होता. माझा नाही. एक ओळखीचा माणूस आहे, दुसऱ्या गावचा. त्याने रागात असं असं म्हटलं. आता त्याला त्या घरात जावंसं वाटतं.

थेट स्वतःचं म्हणून सांगितलं असतं तर सगळं वेगळं झालं असतं. पण ज्याच्या शपथांवर सगळा बाजार हसतो त्याने जाऊन सांगायचं की माझी एक शपथ खरी निघाली, हे काही त्याच्या जिभेवर येईना.

इमाम खाली बसले. ते म्हणाले, असं बोलणं फार वाईट. ईमान ही काय जुगारात लावायची वस्तू आहे? त्या माणसाला सांगा, आधी या शब्दांची तौबा कर. पण त्याने ती शपथ म्हणून घेतली असेल, ईमान सोडायचा त्याचा इरादा नसेल, तर आमच्याकडे ती शपथच धरतात. घरात गेल्याने तो दीनातून जात नाही. शपथ मोडते एवढंच. आणि ही शपथ मोडावीच. रक्ताचं नातं तोडायची शपथ घेऊन ती पाळत बसणं हे पुण्य नाही. शपथ घेतल्यावर दुसरी गोष्ट जास्त भली दिसली, तर भली गोष्ट करावी आणि कफ्फारा द्यावा, अशी शिकवण आहे.

“कफ्फारा काय?”

“दहा गरिबांना दोन वेळा पोटभर जेवण. किंवा दहा जणांना कपडे. ज्याची तेवढी ऐपतच नाही त्याने तीन रोजे ठेवावेत, लागोपाठ.” मग इमामांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “त्या माणसाला काही घाई आहे का, मिस्त्री?”

मिस्त्री तोटी बघत होता. “नाही,” तो म्हणाला. “घाई कसली? दुसऱ्या गावचा आहे.”

एवढं बोलून त्याने नळ सोडून बघितला. थेंब गळायचा थांबला होता.

घरी जाताना त्याच्या डोक्यात सगळी जोडणी झाली. एवढी वर्षं त्या उंबरठ्यात करंट होता. आता कळलं होतं की तो बंद करता येतो. मग बंद न करता हात कोण घालील? आधी कफ्फारा, मग पाऊल. आधी भरपाई करून मोकळं व्हायचं, स्वच्छ व्हायचं आणि मग आत जायचं, म्हणजे एक क्षणही आपण शपथ मोडलेल्या अवस्थेत राहणार नाही. उस्ताद असता तर त्याने पाठ थोपटली असती. इमामांनी कफ्फाऱ्याचा उल्लेख पावलानंतर केला होता हे त्याने ऐकलं होतं, पण ऐकलेलं सगळंच माणसाच्या आत जात नाही. दहा जणांना जेवू घालणं त्याला जमलं असतं. पण दहा माणसं दारात जेवायला बसली की अकरावा विचारणार, कशाबद्दल? रोज्याचं तसं नसतं. रोजा पोटात राहतो, कोणाला दिसत नाही. त्याने तीन रोजे ठरवले.

बायकोला मात्र सांगावं लागलं, कारण पहाटे उठून खायला करणार तीच. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आपांनी बोलावलंय ना?”

“हो.”

“मग आत्ता जा. रोजे नंतर ठेवा. रोजे कुठे पळून चाललेत?”

“तू कधीपासून मुफ्ती झालीस?”

“मला फतवा नाही कळत. मला एवढं कळतं की आजारी माणूस आणि रोजा, यात थांबू शकतो तो रोजा.” तिने भाकरीसाठी घेतलेलं पीठ तसंच ठेवलं. “आणि तुम्हाला डॉक्टरने उपाशी राहायला मनाई केलीय, साखरेची गोळी चालू आहे तुमची.”

मिस्त्री म्हणाला, तू मध्ये पडू नकोस. ती मध्ये पडली नाही. पहाटे उठून तिने ताट वाढलं आणि ते त्याच्यासमोर जरा जोरात ठेवलं.

पहिला रोजा बरा गेला. खरं सांगायचं तर फारच बरा गेला. मिस्त्री दिवसभर हलका होता. त्याने दोन मोटरी भरल्या, पंक्चरवाल्याशी थट्टा केली. आपण आपाकडे निघालो आहोत, वाटेत आहोत, असं त्याला वाटत होतं. उंबरठा जवळ येत होता आणि तरी अजून ओलांडायचा नव्हता. त्याला याहून सोयीची जागा मिळाली नसती. संध्याकाळी तो पायरीवर गेला. भाच्याची बायको म्हणाली, झोपल्यात. तो बरं म्हणून परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वार्निशची भट्टी चालू असताना त्याचे हात थरथरू लागले. छिन्नी खाली पडली, मग तो पडला. पंक्चरवाला धावत आला. मिस्त्रीला साखरेचा आजार आहे हे त्याला ठाऊक होतं, रोजा आहे हे ठाऊक नव्हतं. त्याने चहाच्या टपरीवरून पाण्यात साखर कालवून आणली, मिस्त्रीचा जबडा उघडला आणि पेला रिकामा केला. मिस्त्रीने डोळे उघडले तेव्हा तोंडात गोडी होती. तो रडायला लागला. पंक्चरवाल्याला वाटलं, जीव वाचल्याबद्दल रडतोय. तो म्हणाला, “अरे, रडतोस काय? साखरच पाजली, विष नाही.”

रोजा गेला. आणि रोजे लागोपाठ हवे होते. म्हणजे पहिलाही गेल्यात जमा, पुन्हा एकपासून मोजायचं. याच क्षणी तो उठून आपाकडे जाऊ शकत होता. साखर पोटात होती, पायांत जीव होता, आपाचं घर चार गल्ल्यांवर होतं. त्याऐवजी तो घरी जाऊन झोपला आणि बायकोला म्हणाला, पहाटे उठव.

तिने उठवलं नाही. तो आपला आपण उठला, शिळं काहीतरी खाल्लं आणि रोजा धरला.

त्या दिवशी दुपारी भाचा दुकानात आला. औषधांच्या दुकानाचा कोट अंगावरच होता, सुट्टी न घेता मधूनच आला होता. पंक्चरवाल्याने त्याला स्टूल दिलं, ते त्याने घेतलं नाही.

“येताय का, मामू?”

“परवा. परवा नक्की येतो, अल्...” मिस्त्रीने शब्द गिळला. “परवा संध्याकाळी. आत येतो. आपाला सांग, आत येतो म्हणावं.”

“परवा काय आहे?”

आता तरी सांगायचं. पण गिऱ्हाईक उभं होतं, पंक्चरवाला कान देऊन होता. मिस्त्री म्हणाला, “आहे एक काम. ते झालं की येतो.”

भाच्याने त्याच्या समोरच्या उघड्या मोटरीकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, काम म्हणजे तेच. “ती रात्रभर दाराकडे तोंड करायला सांगत होती,” तो म्हणाला. “आम्ही करू शकत नाही. हाड हलतं.” आणि तो गेला.

नव्या मोजणीतल्या दुसऱ्या रोज्याच्या दिवशी, दुपारच्या नमाजेच्या जरा आधी, आपा गेली.

मिस्त्री पोचला तेव्हा पायरीपाशी चपलांची रास पडली होती. आत बायका होत्या, पाणी तापत होतं. तो पायरीवर बसला. त्याच्या पोटात रोजा होता, आणखी एक बाकी होता आणि त्याला समजत नव्हतं की आता आत जावं की न जावं. कोणीतरी म्हणालं, भाऊ आहे, त्याला चेहरा बघू द्या. दुसरं कोणीतरी म्हणालं, त्याची शपथ आहे, त्याला आत नका नेऊ. लोकांना त्याची शपथ त्याच्यापेक्षा पक्की पाठ होती. कोणी आग्रह केला नाही. मिस्त्री बोळाकडे बघत राहिला. बोळ, भिंत, वळण. मग वळणावरून जनाजा आला, बोळ पार करून उंबरठ्याशी आला आणि उंबरठा ओलांडून बाहेर आला. चेहरा उघडला तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं की ती किती वाळली होती. त्याच्या मनातली आपा अजून भरलेल्या गालांची होती. त्याने खांदा दिला. कबरीत उतरायची वेळ आली तेव्हा भाचा स्वतः उतरला आणि वर उभ्या मामाकडे त्याने हात मागितला नाही, शेजाऱ्याकडे मागितला.

माती दिल्यावर लोक पांगले. मिस्त्री इमामांच्या मागे मशिदीपर्यंत गेला. या वेळी त्याने ओळखीचा माणूस, दुसरं गाव, काही सांगितलं नाही. सगळं आपलं म्हणून सांगितलं, आधीचे रोजे, पंक्चरवाल्याची साखर, आजचा दुसरा रोजा.

इमामांनी चटईची एक काडी मोडली. मग म्हणाले, “तुम्ही आधी जायचं होतं, मिस्त्री. त्याच संध्याकाळी. शपथ मोडल्याशिवाय कफ्फारा लागूच होत नाही. अगोदर ठेवलेले रोजे त्यात धरले जात नाहीत. आणि दहा माणसं जेवू घालायची ऐपत असलेल्याला रोजे चालतही नाहीत.”

“मग आता? आता मी काय देऊ?”

“काही नाही.”

मिस्त्रीला वाटलं, त्याने चुकीचं ऐकलं.

“शपथ मोडलीच नाहीत तुम्ही,” इमाम म्हणाले. “पाळलीत. पुरी पाळलीत. कफ्फारा कशाचा द्याल? ते रोजे तुमचे नफल झाले, मर्जीचे. जे बोललात त्याची तौबा करा, बहिणीला जे ताटकळत ठेवलंत त्याची माफी मागा. शपथेचं तुमच्यावर काहीही निघत नाही.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “घाई आहे का, असं मी विचारलं होतं.”

“विचारलं होतं,” मिस्त्री म्हणाला.

तो बाहेर पडला. माणसाला सुटल्याचा आनंद होतो म्हणतात. त्याला धरायला काहीच उरलं नव्हतं. दहा माणसांना जेवायला घाल म्हणाले असते तर त्याने वीस बसवली असती. कोणीतरी त्याच्याकडून काहीतरी वसूल करावं म्हणून तो तयार होता आणि त्याच्यावर काही निघत नव्हतं. एवढ्या वर्षांत शेकडो शपथा खोट्या पडल्या, त्यांना पकड नाही. एक खरी ठरली, ती त्याने शेवटपर्यंत निभावली. तिलाही पकड नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने रोजा ठेवला नाही. दुकानही उघडलं नाही. सकाळी तो आपाच्या घरी गेला, चपला पायरीवर काढल्या आणि उंबरठा ओलांडून आत गेला. काही झालं नाही. बोळातून चालत तो वळणापर्यंत गेला, वळला आणि मागच्या खोलीत उभा राहिला.

भाचा तिथेच होता. गादी त्याने आधीच बाहेर उन्हात टाकली होती, पलंगाचे नटबोल्ट पान्याने सोडवत होता. खोलीत औषधांचा वास होता. खिडकी लहान होती आणि तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसत होती. एवढे दिवस आपा बघत होती ती हीच भिंत. मिस्त्रीने सगळीकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं.

भाच्याने पाना न थांबवता विचारलं, “आता कशाला, मामू?”

“शपथ मोडायला.”

“ती नाहीये.”

“माहीत आहे. मोडल्याशिवाय माझ्याकडून कफ्फारासुद्धा घेत नाहीत.” मग तो म्हणाला, “तिला काय सांगायचं होतं, काही बोलली का? शेवटी?”

“नाही.”

गंजलेला बोल्ट निघत नव्हता. भाच्याने दोनदा जोर लावला, शिवी ओठांवर आली ती गिळली. मिस्त्री पुढे झाला, पण पाना मागायचं धाडस त्याला झालं नाही. बोल्ट शेवटी कुरकुरत सुटला आणि पलंगाची एक बाजू खाली कलली.

“ती बाजू धरा,” भाचा म्हणाला. “पायावर पडेल.”

मिस्त्रीने धरली.